मी एकही पास पाहिला नाही

मी सेंटर होतो.
वाकलेला, डोकं दोन गुडघ्यांमधून,
म्हणून प्रत्येक डाव माझ्यासाठी उलटाच सुरू व्हायचा:
वर चिखल, खाली आभाळ,
आणि त्या आभाळात पाच यार्ड मागे टांगलेला
व्हर्लिन स्ट्रो, हात पुढे करून.

तिसऱ्या हाकेला मी चेंडू सोडायचो
आणि पापणी लवायच्या आत समोरचा कुणीतरी
पोत्यांची थप्पी कोसळावी तसा अंगावर यायचा.
पुढचं सगळं मी फक्त ऐकलं.
मातीत तोंड, हेल्मेटात स्वतःचाच श्वास,
आणि स्टँडमधली ती शांतता,
चेंडू हवेत असतानाची.
मग डावीकडून गलका आला तर आपला.
उजवीकडून आला तर उठायला वेळ लागायचा.

युसेबियो तफोया बारा पावलं नाकासमोर धावायचा,
तेराव्याला डावा पाय रोवून रेषेकडे वळायचा.
व्हर्लिन मात्र अकराव्यालाच फेकून मोकळा,
जिथे गवताखेरीज कुणी नाही
तिथे.
कोच क्लिंगमन म्हणायचे,
माणसाकडे फेकलास तर उशीर झाला.

हे त्यांना कोचनं शिकवलं नव्हतं.
उन्हाळाभर युसेबियो, त्याची आई, दोन बहिणी
स्ट्रोंच्या शेतात बीट खुरपायच्या ओळीत असत.
दिवस कलला की त्याच बांधावर
व्हर्लिन बापाच्या पिकअपचे दिवे लावायचा
आणि उजेडाच्या त्या पट्ट्यात दोघं मोजत राहायचे,
एक इंग्रजीत, एक स्पॅनिशमध्ये.
बारा दोघांचे एकदमच व्हायचे.
जेवायला मात्र व्हर्लिन घरात जायचा
आणि युसेबियो ट्रकच्या मागे.
मी दोन्हीकडे जेवलो आहे. बीन्स ट्रकमागेच बऱ्या होत्या.

नोव्हेंबर एकोणऐंशी. मिल्टन गॅपविरुद्ध.
साखर कारखान्याचा तो आंबूस वास,
बर्फ पडू की नको अशा बेतात,
चार गुणांनी मागे, नऊ सेकंद,
आणि सगळ्या गावाला माहीत, चेंडू कुणाकडे जाणार.

मी ऐकलं: हाका. माझ्या बरगड्या. शांतता.
ती शांतता नेहमीपेक्षा लांबली,
आणि मग गलका उजवीकडून आला.

त्याला आता पंचेचाळीस वर्षं झाली.
दर शनिवारी, वजनकाट्यासमोरच्या कॅफेत,
मीठदाणी म्हणजे व्हर्लिन, मिरपूड म्हणजे युसेबियो,
सिरपच्या चिकट डागाला शेवटची रेषा समजायचं.
"तू आत वळलास."
"तू फेकलाच नाहीस. मी वळलो, हात रिकामे, समोर आभाळ.
मला वाटलं, डाव मोडला, म्हणून मागे आलो."
"आणि मी फेकला तो तुझ्याच जागेवर."
खरं आहे. तो बरोबर तिथेच पडला,
फक्त तेव्हा ती जागा खरंच रिकामी होती.

दोघं हसतात. हसण्याच्या तळाशी
अजून खडा लागतो, मला कळतं.
युसेबियोच्या आईनं त्या सोमवारी
स्ट्रोंच्या दुकानात उधारी मागितली नव्हती, म्हणतात.

माझे हात त्या दिवशी गोठले होते.
ही सबब नाही, हवामान आहे.
चेंडू माझ्या बोटांतून निसटला,
व्हर्लिनच्या छातीऐवजी नडगीवर गेला,
तो वाकला, उचलला, सावरला:
अर्धा श्वास.
बस, तेवढाच.
सेंटरकडे कुणी पाहत नाही.
चित्रफीत धूसर आहे आणि ती
बारा पावलं पुढच्या मुलाकडे वळलेली आहे.
व्हर्लिनलाही आठवत नाही, किंवा
त्यानं ते आठवायचं टाळलं आहे, माझ्यासाठी.
हे दुसरं असेल तर मला झोप यायची नाही.

आज पुन्हा डाव मांडला.
मिरपूड निघाली, एक, दोन, तीन.
व्हर्लिननं न बघताच हात मागितला, "ऑरिन, मीठ."
मीठदाणी माझ्या कोपराशी होती.
मी ती धरून ठेवली,
आणि मिरपूड
तेराव्यावर येऊन थांबली.
दोघंही माझ्याकडे बघू लागले.